तास कोणाच्या हाताखाली भरणार, ते आधी ठरव

ताई,

मी मूळची साताऱ्याची. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.टीएच. नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले. आता एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरचं ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हातात आहे आणि जवळच्याच एका ९९ खाटांच्या नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे वृद्धांना ठेवून त्यांची शुश्रूषा करणारी जागा) रिहॅब एड, म्हणजे फिजिओंची मदतनीस, म्हणून काम करते. फिजिओचं इथलं लायसन्स काढलं नाही आणि आता काढायची इच्छाही राहिली नाही. ती जागा चालते कशी, यातच मला जास्त रस वाटतो. आमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बाई लवकरच निवृत्त होणार आहेत. परवा मालकांच्या माणसाने सहज विचारलं, “तूच का नाही प्रमुखाचं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, लायसन्स घेत?” तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

परीक्षेसाठी काय वाचू? क्लास लावू का? पाठांतर माझं पहिल्यापासून चांगलं आहे. दुसरं म्हणजे, परीक्षेआधी १,००० तासांचं प्रशिक्षण लागतं. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, पैसे दिले तर तास कागदोपत्री भरून मिळतात. नवरा नको म्हणतो, पण मुलगी दहा वर्षांची आहे, एवढा वेळ आणू कुठून? तिसरं, नवऱ्याची नोकरी टेक्सासला जायची शक्यता आहे. मग हे सगळं वाया जाईल का? आणि पुढेमागे पुण्याला परतून वृद्धांसाठी काही काढायचं मनात आहे. तिथे या लायसन्सचा उपयोग होईल?

– फ्रीमाँटहून एक वाचक

*

पत्रात ताई म्हणालीस, म्हणून एकेरीवर येते.

आधी त्या गृहस्थांचं बघू, कारण बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे, याला नाही. त्यांना आजच नाही म्हणून सांग, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गुळमुळीत नको, स्पष्ट. प्रशिक्षणाच्या अहवालांवर तुझी सही असते, तुला शिकवणाऱ्या प्रिसेप्टरची असते, आणि ते कागद कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे जातात. न भरलेल्या तासांखाली सही करणं म्हणजे सरकारला खोटं लिहून देणं. लायसन्स मिळालं तरी ते उद्या काढून घेता येतं. त्यात तू इथे व्हिसावर आहेस. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने सरकारी कागदावर खोटी सही करण्याइतका महागडा सौदा दुसरा नसेल. तुझा नवरा बरोबर बोलतोय. (हे वाक्य या सदरात फार वेळा लिहावं लागत नाही.)

आता परीक्षेकडे. तुझं अर्धं पत्र परीक्षेबद्दल आहे आणि प्रशिक्षणाबद्दल दोन ओळी. मला वाटतं, वजन नेमकं उलट हवं. आपल्याकडे दहावी-बारावीपासून सवयच लागते की मध्ये एक परीक्षा उभी आहे आणि ती ओलांडली की पलीकडे सगळं मोकळं. इथे परीक्षा शेवटी येते आणि ती मुख्य अडथळा नाही. तू १,००० तास कोणाच्या हाताखाली काढतेस, त्यावर तू पेपरात काय उत्तर देशील हेही ठरतं आणि नोकरीत टिकशील का हेही. म्हणून पुस्तकाआधी माणूस शोध.

क्रम साधारण असा असतो. कॅलिफोर्नियात कोणत्याही विषयातली बॅचलर पदवी चालते, पण ती परदेशातली असेल तर अमेरिकेतल्या पदवीशी तिची बरोबरी ठरवून घ्यावी लागते. तुझी पदवी चार वर्षांची, वर सहा महिन्यांची इंटर्नशिप, त्यामुळे तुला फारशी अडचण दिसत नाही. हे पत्र वाचणाऱ्या तीन वर्षांच्या बी.कॉम., बी.एस्सी.वाल्यांनी मात्र मूल्यमापन करणारी संस्था ती पदवी पूर्ण बॅचलर धरते का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. मग प्रिसेप्टर ठरवायचा, म्हणजे ज्याच्या देखरेखीखाली शिकायचं तो लायसन्सधारी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मग खात्याच्या नर्सिंग होम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर विभागाकडे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर-इन-ट्रेनिंग’चा अर्ज. इथे सगळे त्याला एआयटी म्हणतात. मंजुरी आल्यानंतरचेच तास मोजले जातात, आधी कितीही राबलीस तरी ते हिशेबात नाहीत. तास पूर्ण झाले की दोन परीक्षा: एक देशपातळीवरची, जिला ती घेणाऱ्या संस्थेच्या नावावरून सगळे ‘नॅब’ म्हणतात, आणि दुसरी राज्याच्या कायद्यांची.

नॅबचे २०१७ पासून दोन भाग झाले आहेत. पहिला ‘कोअर’. वृद्धसेवेच्या कुठल्याही संस्थेच्या प्रमुखाला जे माहीत हवं, ते त्यात. दुसरा खास नर्सिंग होमचा. असिस्टेड लिव्हिंग (मदतीची सोय असलेली वृद्धनिवासं) आणि घरपोच सेवा यांचे दुसरे भाग वेगळे असतात. प्रश्न बहुपर्यायी असतात. निकाल टक्क्यांत नसून स्केलवर बसवलेल्या गुणांत येतो, तेव्हा सराव चाचणीत अमुक टक्के पडले म्हणून खूश किंवा नाराज होण्यात अर्थ नाही. विषय चार गटांत मांडलेले आहेत: रहिवाशांची काळजी आणि सेवा, कामकाज, इमारत-परिसर आणि गुणवत्ता, आणि नेतृत्व.

आता खरी अडचण सांगते, आणि तुझ्यासारख्या क्लिनिकल पार्श्वभूमीच्या माणसाला ती जास्तच छळते. तू उत्तर फिजिओ म्हणून देशील. एक नमुना घे, माझाच रचलेला:

सकाळी एका आजोबांची मुलगी येऊन सांगते की रात्रपाळीच्या नर्सिंग असिस्टंटने त्यांना दंडाला धरून हिसकलं. दंडावर वळ दिसतायत. ती असिस्टंट अजून ड्युटीवर आहे. सगळ्यात आधी काय कराल? खांदा तपासायला सांगाल? डॉक्टरांना फोन? त्या असिस्टंटचा जबाब? की तिला रहिवाशांपासून दूर करून आजोबा सुरक्षित आहेत याची खात्री?

तुझा हात आपसूक खांद्याकडे जाईल. उत्तर शेवटचं आहे. तपासणी, डॉक्टर, जबाब हे सगळं होणारच, पण तू त्या इमारतीची प्रमुख आहेस. आरोप झालेली व्यक्ती दुसऱ्या कुठल्या आजींच्या खोलीत जाऊ नये, हे पाहणं तुझं पहिलं काम. त्यानंतर घड्याळ सुरू होतं: मारहाण-छळाचा आरोप असेल किंवा गंभीर इजा असेल तर दोन तासांत राज्याकडे कळवायचं, बाकीच्या प्रकारांत २४ तासांत, आणि चौकशीचा निष्कर्ष पाच कामकाजाच्या दिवसांत. “आधी चौकशी करू, खरं निघालं तर कळवू” हा आपल्याला शहाणपणाचा वाटणारा पर्याय सरळ चुकीचा आहे. आरोप कळला की कळवायचं. खरं-खोटं नंतर.

दुसरा सापळा आपल्या संस्कारांचा. समजा, मधुमेही आजी रोज केक मागतात आणि मिळाला नाही तर जेवत नाहीत. आपण काय करू? गोड बोलून समजावू, मुलाला फोन लावू आणि केक बंद करू. त्यांच्या भल्यासाठीच ना! इथल्या कायद्याच्या दृष्टीने त्या आजी सज्ञान आहेत, समजून-उमजून नकार द्यायचा त्यांना हक्क आहे. धोका काय ते त्यांना नीट समजावायचं, डॉक्टरांना कळवायचं, केअर प्लॅनमध्ये नोंदवायचं, पर्याय पुढे ठेवायचे, आणि तरीही त्या केक खाणार म्हणाल्या तर केक द्यायचा. तसंच, मुलगा येऊन हळूच म्हणतो, “बाबांना कॅन्सर आहे हे त्यांना सांगू नका.” वडिलांची बुद्धी शाबूत असेल तर काय जाणून घ्यायचं आणि कोणाला कळू द्यायचं, हे तेच ठरवतात. मुलगा कितीही कळकळीने बोलत असला तरी. १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यापासून रहिवाशाचे हक्क हा सगळ्या नियमांचा कणा झाला आहे. आपल्याकडच्या उमेदवारांचे गुण मी बहुतेक वेळा इथेच गेलेले पाहिलेत, वित्ताच्या प्रश्नांत नव्हे. आपण मोठ्यांची काळजी घेतो म्हणजे बऱ्याचदा त्यांच्या वतीने ठरवतो. प्रश्न वाचताना “यात रहिवाशाला काय हवंय?” हे आधी विचारायची सवय लाव.

पाठांतर वाया जाणार नाही, त्याला जागा आहे. काही आकडे तोंडपाठच हवेत. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर नको, झोपताना पोटभरीचं काही दिलं आणि रहिवाशांनाच चालत असेल तर १६ पर्यंत. औषधांतल्या चुकांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत. पहिले ९० दिवस डॉक्टरांची भेट ३० दिवसांतून एकदा, पुढे ६० दिवसांतून. १२० हून अधिक खाटा असतील तर पूर्णवेळ सोशल वर्कर. एकट्याच्या खोलीला १०० चौरस फूट, सामायिक खोलीत माणशी ८०. खोल्यांचं तापमान ७१ ते ८१ फॅरनहाइट. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा, तीन दिवस रुग्णालयात भरती राहिलेल्याला जास्तीत जास्त १०० दिवस देतं, त्यातल्या पहिल्या २० दिवसांचा पूर्ण खर्च तोच उचलतो. हे एका वहीत लिहून काढ, ट्रेनमध्ये वाच, झालं.

पण आकड्यांतही कॅलिफोर्नियाच्या उमेदवारांसाठी एक खास खड्डा आहे. नॅबमध्ये केंद्राचा नियम विचारतात आणि राज्याच्या पेपरात राज्याचा. नर्सिंग असिस्टंटचं किमान प्रशिक्षण केंद्राच्या नियमात ७५ तासांचं आहे, कॅलिफोर्नियात १६०. तू रोज आजूबाजूला १६० ऐकतेस, तेव्हा नॅबमध्ये बोट तिकडेच जाणार. तशीच मनुष्यबळाची गोष्ट: दर रहिवाशामागे दिवसाला प्रत्यक्ष सेवेचे ३.५ तास, त्यातले २.४ नर्सिंग असिस्टंटचे, हा कॅलिफोर्नियाचा नियम आहे, देशाचा नव्हे. तुझी इमारत ९९ खाटांचीच का आहे, याचा कधी विचार केलायस? १०० झाल्या की राज्याच्या नियमाप्रमाणे नर्सिंग डायरेक्टरशिवाय चोवीस तास रजिस्टर्ड नर्स ठेवावी लागते. म्हणून या राज्यात ९९ चा आकडा इतका दिसतो. वहीत दोन रकाने कर, केंद्र आणि राज्य, आणि दोन्ही परीक्षांचा अभ्यास वेगवेगळ्या आठवड्यांत कर.

वाचायचं काय? केंद्राच्या मेडिकेअर-मेडिकेडच्या (मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी विमा) खात्याची तपासनिसांसाठीची मार्गदर्शिका आहे, स्टेट ऑपरेशन्स मॅन्युअल. तिचं अपेंडिक्स पीपी संकेतस्थळावर फुकट मिळतं. शेकडो पानं आहेत आणि वाचायला अजिबात गोड नाही. पण प्रत्येक नियमाखाली तपासनीस काय बघेल, कोणाला काय विचारेल, हे तिथे लिहिलेलं आहे. सलग वाचू नकोस. इमारतीत एखादी घटना घडली की त्या दिवशी संध्याकाळी तिचा नियम काढून वाच. म्हणजे आज एक आजी पडल्या, तर आज पडण्याचा भाग वाचायचा. नॅबची उमेदवार पुस्तिका आणि विषयांची यादी मात्र पहिल्याच आठवड्यात बघून ठेव. क्लास लावायचाच असेल तर तास संपत आल्यावर लाव. आधी लावलास तर सगळं खरं वाटेल आणि काहीच कळणार नाही.

हिशेबाची धास्ती घेऊ नकोस. ‘पीपीडी’ हा शब्द तू जेवणघराच्या बैठकीत ऐकला असशील, म्हणजे दर रहिवाशामागे दर दिवसाचा खर्च. ३० दिवसांच्या महिन्यात रोज सरासरी ९० रहिवासी असतील तर २,७०० दिवस झाले. शिधा-किराण्याला २७,००० डॉलर गेले असतील तर पीपीडी १० डॉलर. परीक्षेतलं बरंचसं गणित या पातळीचंच असतं. प्रत्यक्षात अवघड आहे ते येणं वसूल करणं, पण ते बिझनेस ऑफिसमध्ये बसल्याशिवाय समजणार नाही.

इमारत आणि आगीचा भाग तुला कंटाळवाणा वाटेल. तो इतका का आहे, ते एकदा जाणून घे. २३ नोव्हेंबर १९६३ च्या पहाटे ओहायोतल्या फिचव्हिल इथे एका नर्सिंग होमला आग लागली आणि ८४ पैकी ६३ रहिवासी गेले. आदल्या दिवशीच केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे ती बातमी देशाच्या फारशी लक्षातही आली नाही. त्या दशकात अशा जागा कशा चालतात यावर बरंच काही उघड होत गेलं. १९६७ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातल्या दुरुस्तीने मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या राज्यांवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरना लायसन्स द्यायची व्यवस्था करण्याची सक्ती आली, १ जुलै १९७० पासून. रुग्णालयाच्या प्रमुखाला असं लायसन्स लागत नाही, नर्सिंग होमच्या प्रमुखाला लागतं. तेव्हा प्रत्येक पाळीत दर तिमाहीला फायर ड्रिल का, या प्रश्नाला नुसतं ‘नियम आहे’ म्हणून उत्तर देऊ नकोस. रात्रपाळीत, माणसं कमी असताना ड्रिल घेणं कोणालाच आवडत नाही. नेमकं म्हणूनच ते बघायला तू हजर राहा.

आणि आता प्रिसेप्टर. तू लिहिलेलं नाहीस, पण तुझ्या मनात तुमच्याच निवृत्त होणाऱ्या बाई असणार. सोयीचं आहे, त्यांचा तुझ्यावर जीवही असेल. तरी दोन गोष्टी तपास. एक, त्या निघाल्या आणि तुझे चारशे तास राहिले, तर पुढे कोण? हे अर्ज भरण्याआधी लेखी ठरलं पाहिजे. दोन, ज्या इमारतीत तू रिहॅब एड आहेस तिथेच एआयटी केलीस, तर पहिल्या फ्लूच्या लाटेत तुला पुन्हा थेरपीच्या जिममध्ये उभं करतील. “आजच्या दिवस जरा हात लाव.” असे दिवस जमत जातात. वॉकर धरून माणसाला चालवण्याचे तास हे प्रशिक्षणाचे तास नव्हेत आणि ते तसे लिहिता येणार नाहीत. माझं मत विचारशील तर दुसरी इमारत बघ. मालकांची दुसरी कुठली असेल तर तीही चालेल.

प्रिसेप्टरला भेटायला जाशील तेव्हा बायोडेटा पुढे करून गप्प बसू नकोस, प्रश्न विचार. याआधी किती जणांना शिकवलं आणि ते आता कुठे आहेत? सकाळच्या स्टँड-अप मीटिंगला मी पहिल्या दिवसापासून बसेन का? महिन्याचा नफा-तोटा मला दाखवाल का? सर्व्हेला, म्हणजे सरकारी तपासणीला, तपासनीस आले तर मला त्यांच्या मागे फिरता येईल का? शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. पैशांचे कागद दाखवायला जो कचरतो त्याच्याकडे तू सुंदर नोंदी ठेवायला शिकशील, इमारत चालवायला नाही. आणि सर्व्हे न सांगता येतो, साधारण वर्षाने, फार तर १५ महिन्यांनी. तुझ्या सहा-आठ महिन्यांत तो यावा अशी देवाला प्रार्थना कर. आला तर त्या दिवसांत घरी कमी आणि इमारतीत जास्त राहा. तपासनीस बाई काय बघतात, कोणाशी बोलतात, जेवणाच्या वेळी दारात का थांबतात, हे एकदा बघितलंस की अपेंडिक्स पीपीचं प्रत्येक पान बोलायला लागतं.

विभाग फिरताना तू नर्सिंग आणि थेरपीत कमी वेळ घालव. ते तुला येतं, म्हणून तिथेच बरं वाटेल. धोबीखाना, स्वयंपाकघर, देखभाल, मेडिकल रेकॉर्ड्स, अ‍ॅडमिशन आणि एमडीएस भरणारी नर्स, यांच्याकडे बस. एमडीएसकडे तर चिकटून बस. रहिवाशाच्या मूल्यमापनाचा तो लांबलचक फॉर्म काळजीची योजनाही ठरवतो, मेडिकेअरचे पैसेही आणि इमारतीला सरकारी दर्जाचे किती तारे मिळणार त्यातला मोठा भागही. एखादी पूर्ण रात्रपाळी आणि एखादा रविवारही कर. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसताना इमारत कशी असते, ते तेव्हाच दिसतं.

वेळेचं म्हणशील तर हिशेब सरळ आहे. आठवड्याला ४० तास धरले तर २५ आठवडे, २० धरले तर ५०. मुलगी दहाची आहे म्हणजे शाळेत जाते. मला मधला मार्ग बरा वाटतो, आठवड्याला साधारण तीस तास, पण ते सकाळपासून. दुपारी दोननंतर येणाऱ्या एआयटीला इमारत अर्धीच दिसते. आठवड्याला वीसच्या खाली जायचा विचार करू नकोस, सूत्र तुटतं. आणि नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव, अडचण सहा महिन्यांपुरती नाही. लायसन्स मिळाल्यावर रात्री दोनला वाजणारा फोन तुझा असेल. बॉयलर बंद पडला, कोणी बाहेर निघून गेलं, तीन जण कामावर आलेच नाहीत. या कामात माणसं टिकत नाहीत त्याचं एक कारण हेच आहे. घरात कोण उठणार, कोण झोपणार, हे ठरल्याशिवाय अर्ज टाकू नकोस.

व्हिसाची बाजू: ईएडी आहे तोवर काम करायला हरकत नाही, पगारी असो वा बिनपगारी. पण ते संपलं आणि नवीन हातात नाही, तर “मी फुकटच करतेय ना” हे कारण चालत नाही. प्रशिक्षण हे कामच धरलं जाऊ शकतं. मुदत संपण्याआधी १८० दिवस अर्ज करता येतो, तो पहिल्याच दिवशी कर. आपोआप मिळणाऱ्या मुदतवाढीवर पूर्वीसारखं विसंबू नकोस. तास भरण्याचं वेळापत्रक ईएडीच्या तारखेला धरून आख आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घे. लायसन्सच्या अर्जात तुझ्या व्हिसाच्या दर्जाचा प्रश्न येईल, तोही तेव्हाच विचार.

टेक्सासची काळजी कमी कर. नॅब देशभर एकच आहे, तिचे गुण दुसऱ्या राज्याला पाठवता येतात. वाया जाणारा भाग म्हणजे राज्याच्या कायद्याचा पेपर, टेक्सासचा त्यांचा वेगळा आहे. पण अर्धवट एआयटी घेऊन गेलीस तर मात्र पंचाईत. प्रत्येक राज्याची तासांची आणि अभ्यासक्रमाची अट निराळी असते, टेक्सास तर पदवीच्या जोडीला वृद्धसेवा प्रशासनातले १५ क्रेडिट मागतं. म्हणून बदलीचं नक्की होईपर्यंत थांब किंवा सुरू केलंस तर संपवूनच हल. पुढे अनुभव जमल्यावर नॅबचंच ‘हेल्थ सर्व्हिसेस एक्झिक्युटिव्ह’ हे प्रमाणपत्र बघ. बऱ्याच राज्यांत त्याने दारं लवकर उघडतात. कॅलिफोर्नियाचं लायसन्स मिळालं की दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी ४० तासांचं शिक्षण, हेही डोक्यात ठेव.

पुण्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात वृद्धाश्रम किंवा नर्सिंग होम चालवणाऱ्या व्यवस्थापकासाठी अशी परीक्षा नाही. आपल्याकडे नोंदणी संस्थेची होते. खाटा, डॉक्टर, नर्स असलेली जागा असेल तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली, आणि वृद्धाश्रमाच्या बाबतीत २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा बघावा लागतो. त्यामुळे तुझ्या लायसन्सला तिथे कायद्याने किंमत नाही. उपयोग होईल तो हातात बसलेल्या कामाचा: पडण्याच्या नोंदी, जखमांचा तक्ता, तक्रारीची वही, रात्रीचं मनुष्यबळ. पुण्यात अशा जागा वाढतायत आणि या गोष्टी लेखी ठेवणारी माणसं त्यांना हवीच आहेत. पण केवळ त्या स्वप्नासाठी इथली परीक्षा देऊ नकोस. इथे काही वर्षं ही नोकरी करायची असेल तरच दे.

या आठवड्यात एवढंच कर: नाशिकला ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाक. मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला ते विद्यापीठाकडूनच गेलेले लागतात आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. कोणी चुलतभाऊ तिथे असेल तर त्याला एक चक्कर मारायला सांग.